ओंजळीपुरती धार

डोंगरावरच्या वाडीत, टाकीचा व्हॉल्व्ह उघडणारं एक चिमुकलं यंत्र आम्ही बसवलं. तो कधी उघडायचा, याचा सांकेतिक लिपीतला कुलूपबंद निरोप दूरचा सर्व्हर त्याला पाठवतो. पण टाकी भरलेली असून व्हॉल्व्ह उघडेना. खाली नळ कोरडे.

टाकीपाशी लॅपटॉप घेऊन बसलेली माझी सहकारी वैशाली म्हणाली, "निरोप येतोय रे, याच्या बफरमध्ये मावत नाहीये."

बफर म्हणजे आलेला निरोप उघडेपर्यंत ठेवायची जागा. निरोप तुकड्यातुकड्यांनी येतो, आणि हे कुलूपही असं, की तुकडा शेवटच्या अक्षरापर्यंत हाती आल्याशिवाय त्यातलं पहिलं अक्षरसुद्धा खरं मानता येत नाही. अर्धं आलं म्हणजे काहीच आलं नाही.

जागा वाढवायला यंत्रात मेमरीच नव्हती. मग वैशालीने त्याला सर्व्हरशी जोडणी होतानाच्या पहिल्या नमस्कारातच सांगायला शिकवलं, की माझ्यासाठी लहान तुकडे कर. हजारो यंत्रांशी एकाच वेळी बोलणारा तो अवाढव्य सर्व्हर या एवढ्याशाचं ऐकेल? त्याने ऐकलं. स्क्रीनवर अगम्य अक्षरांचे छोटे तुकडे येऊ लागले, आणि एकेक तुकडा पुरा होताच लख्ख वाचता येऊ लागला.

मी बघतच राहिलो. समोरच्याची ओंजळ बघून आपण तांब्याची धार बारीक करतो, तसंच की हे! कधीही न भेटणाऱ्या दोन यंत्रांसाठी कुणीतरी ही रीत यंत्रांच्या बोलण्याच्या नियमांत आठवणीने लिहून ठेवली होती.

तेवढ्यात पहिल्या नळाजवळ राहणाऱ्या सुमनकाकूंचा फोन आला. "आलं हो पाणी! थांबा, हंडा लावते."

फोन तसाच चालू ठेवून त्या गेल्या. हंडा काठोकाठ भरेपर्यंत आम्ही दोघं फोनवर धारेचा आवाज ऐकत राहिलो.