खाली आणलेली खुर्ची

वामनदादा गेल्याची बातमी मला मोबाइलवर हिंदीत कळली. ‘पिताजी नहीं रहे’ आणि पुढे जोडलेले हात. त्याचा मुलगा केदार काशीतच जन्मला आणि वाढला. घरात तो मराठी बोलतो, पण बाप गेल्यावर त्याला मराठी सुचली नाही. मी आधी चिडले, मग रडले. वामनदादा माझा मावसभाऊ. मी सांगलीची, तो बनारसचा, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीतला. शाळेत गणित शिकवायचा आणि जगातल्या बहुतेक गोष्टींना तुच्छ लेखायचा. दशाश्वमेधावरच्या रोषणाईतल्या आरतीला तो ‘मांडववाल्याच्या पोरीचं लग्न’ म्हणायचा. पुढाऱ्यांविषयी जे बोलायचा ते या पुरवणीत छापता येणार नाही. एकदा शाळेत मंत्री यायचे होते. मुलं उन्हात ताटकळत उभी, मंत्र्यांचा पत्ता नाही. दादाने सरळ घंटा द्यायला लावली आणि शाळा सोडून दिली. मंत्री आले तेव्हा मैदानात एकटा दादा होता, तोही सायकलचं कुलूप काढत. त्यानंतर मुख्याध्यापकपद काही त्याच्याकडे फिरकलं नाही आणि त्यानेही कधी त्याचं नाव काढलं नाही.

अशा माणसाचं दैवत एकच, आणि तेही विलायती. कॉलेजात असताना एका रॉक गायकाच्या कॅसेटी त्याच्या हाती लागल्या, त्या शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. गाणी सगळी राज्यकर्त्यांना शिव्या घालणारी. मला विचाराल तर तो गायक गात नव्हता, बोंबलत होता. पण दादा म्हणायचा, “मंदे, मला जे म्हणायचं असतं ना, ते हा माणूस बेधडक म्हणून टाकतो.” म्हणून गेल्या हिवाळ्यात तो सत्तरी ओलांडलेला गायक खुद्द बनारसला येणार असं कळल्यावर दादा हट्टालाच पेटला. तोवर त्याची फुप्फुसं थकली होती. राजा घाटाच्या पायऱ्या तर त्याने केव्हाच सोडल्या होत्या. “उभं राहवणार नाही, पण बसून ऐकेन. एक बार तरी...” केदारने तिकिटं पाठवली. नलूवहिनींना त्या गाण्यांचा मनस्वी तिटकारा, त्यामुळे सोबतीला सांगलीहून मी गेले.

काय तो थाट! शहराबाहेरच्या मैदानावर लोखंडी सांगाड्यांचा डोंगर, आकाशात भिरभिरणारे दिवे, आणि रंगमंचावर फुग्यासारखं फुगवलेलं राक्षसी सिंहासन, शेवटी फोडण्यासाठी. पडद्यावर भुकेली मुलं दिसत आणि त्यांच्या खाली सिमेंटची जाहिरात. क्रांती होती, पण बड्यांसाठी गाड्या लावायची सोय वेगळी होती. जुलमी सत्तेविरुद्ध आरोळ्या चालल्या होत्या आणि त्यांना सत्तेचाच पोलीस बंदोबस्त होता. गायक महाशय केस काळेभोर करून आले होते. मूठ उगारताना मात्र दुसरा हात कमरेवर ठेवत होते. मी नाक मुरडलं. दादा नेहमीसारखा टोमणे मारेना, नुसता वाट बघत होता. त्याचं आवडतं गाणं अजून यायचं होतं.

आमच्या खुर्च्या फळ्यांच्या चौथऱ्यावर होत्या. तेवढ्यात गळ्यात पट्टा अडकवलेला एक संयोजक आला. “माताजी, ये दोनों कुर्सियाँ खाली चाहिए. विधायकजी का परिवार आ रहा है.” हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं, हे मला ठाऊक नाही असं नाही. पण त्या गोंगाटात मला आपलं सांगलीचं खाली ऐकू आलं. आमदारांची माणसं खाली जमिनीवर बसणार असतील, वयस्कर असतील बिचारी, असं समजून मी उठले, खुर्ची उचलली आणि चौथऱ्यावरून खाली नेऊन मांडली. दादाच्या मात्र लगेच लक्षात आलं. तो धापा टाकत उठला, आपली खुर्ची फरफटत खाली आणली आणि तिच्यात ऐसपैस बसला.

“अरे, कुर्सी कहाँ ले जा रहे हैं?” संयोजक ओरडला.

“आप ही ने कहा, खाली चाहिए. हम मराठी हैं भैया. हमारे यहाँ खाली नीचे को कहते हैं.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मंदे, बस. अजिबात उठू नको. तू तर आज कमाल केलीस यार!”

संयोजक तणतणत दुसऱ्या खुर्च्या आणायला गेला. आम्हाला आता रंगमंच दिसत नव्हता, दिसत होत्या फळ्या आणि पुढच्यांच्या पाठी. आणि नेमकं तेव्हाच ते गाणं सुरू झालं. वर पडद्यावर त्याच्या ध्रुवपदाची हिंदी अक्षरं झळकली, ‘कुर्सी खाली करो!’ मग त्याच पडद्यावर पहिली रांग दिसली. एव्हाना येऊन पोचलेले आमदार, त्यांचं कुटुंब, पोलीस अधिकारी, सगळे उभे राहून टाळ्या पिटत होते. गायक त्यांना वाकून नमस्कार करताना दिसला. दादा हसायला लागला... हसता हसता त्याला ढास लागली, डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच काही खोकल्याचं नव्हतं. परतताना रिक्षात म्हणाला, “गाणं अच्छंच आहे गं. आदमी बेकार निघाला.” मला त्या क्षणी त्या गायकाचा जेवढा राग आला, तेवढा त्याच्या बोंबलण्याचाही कधी आला नव्हता.

तेराव्यानंतर शाळेने शोकसभा ठेवली. टेबलावर दादाचा फोटो, पहिल्या रांगेत नलूवहिनी आणि मी. मुलांना तासभर आधीच आणून सतरंजीवर बसवलेलं. कुठले तरी आमदार यायचे होते आणि सभा त्यांच्यासाठी अडली होती. गाडी फाटकाशी आली तसे एक शिक्षक लगबगीने वहिनींपाशी वाकले. “माताजी, आप ज़रा पीछे बैठ जाइए. फोटो खिंचेगी.” मी तोंड उघडणार होते. वहिनींनी माझा हात दाबला. शांतपणे उठल्या, टेबलापाशी गेल्या, दादाचा फोटो हारासकट काखेत घेतला आणि दाराकडे चालू लागल्या. मुलं पटापट उभी राहिली. ते शिक्षक मागे धावले.

“माताजी, फोटो तो छोड़ जाइए! विधायकजी माला किसको चढ़ाएँगे?”

वहिनी थांबल्या नाहीत. मागे न बघता म्हणाल्या, “कह दीजिए, मास्टर साहब घर चले गए.”