झडपवालं कासव आणि माझी वही

तुम्हीच सांगा, कासव आजारी पडलं तर विश्वास कुणावर ठेवायचा? पेंडवाल्यावर, का मोटारवाल्यावर? मी स्वतः पेंडवाला. शेळगावात जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे. पोती येतात आणि जातात, किस्से मात्र थप्पी लावून बसतात. त्यातली एक थप्पी एकट्या गफूरभाईंची. विहिरीतल्या मोटारी वर काढायच्या, दुरुस्त करून परत सोडायच्या, हा त्यांचा धंदा.

*

एकदा आमचे तात्या घमेल्यात कासव घेऊन दुकानात आले. तात्यांच्या गोठ्यात पंधरा गाई. कासव कॅनॉलच्या कडेला गळाला अडकलेलं, तोंडाला जखम. तात्यांनी पाठीवर बोट दाबलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"शेठ, पाठ मऊ पडलीय की! कॅल्शियम कमी हाय ह्याचं."

आमच्याकडं गाय बसली की कॅल्शियम, हे ठरलेलं. मी बाटली काढून हलवायलासुद्धा लागलो! तेवढ्यात ग्रीसच्या हातांनी गफूरभाई आत आले.

"ठेवा ती बाटली. ह्याची पाठ जन्मापास्नं अशीच, कातड्याची. गाईचा रोग त्याला कशाला चिकटवताय?"

*

वनखात्याला फोन केला. साहेब आले, कागद काढला. त्यात रकाना होता, 'जात'.

तात्या म्हणाले, "कासवाला बी जात लागती व्हय?"

गफूरभाईंनी कासव हलकेच उचलून खालून दाखवलं. त्यानं मागचा पाय आत ओढला की त्यावर कातड्याचा पडदा बंद व्हायचा.

"मोटारीच्या पाइपाच्या तळाला, फुटव्हॉलला, पाणी अडवायला झडप असती का न्हाय? तशीच ही. झडपवालं कासव!"

साहेबांबरोबर बारामतीहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टर मॅडम बघतच राहिल्या. "इंग्रजीतही त्याचं नाव झडपेवरूनच आहे. कुठं वाचलंत?"

"वाचलं न्हाय मॅडम. तीस वर्सं विहिरीत ह्यांच्याच घरी कामाला हाय!"

मॅडमनी जखमेला औषध दिलं आणि त्यांच्या शब्दावर साहेबांनी जखम भरेपर्यंत कासव गफूरभाईंच्या हवाली केलं.

*

गफूरभाईंच्या दारातल्या सिमेंटच्या जुन्या टाकीत तळाला वाळू, रोज ताजं पाणी. तात्या कोथिंबिरीची जुडी घेऊन आले. कासवानं ढुंकून पाहिलं नाही. गफूरभाईंनी पाण्यातली गोगलगाय टाकली, ती गट्ट!

मग तात्यांना हौस आली. स्वतःच्या हातानं भरवायला गेले आणि कासवानं बोटच धरलं.

"ओढू नका! हात पाण्यातच धरा, सोडतंय ते."

तात्या कोपरापर्यंत टाकीत, ओणवे. एमआयडीसीतून परतणाऱ्या एकानं मोटरसायकल थांबवली. "तात्या, काय हरवलंय का?"

"न्हाय बाबा," तात्या दात आवळून म्हणाले, "सापडलंय!"

*

आता माझी गोष्ट सांगतो. दर रविवारी कासवाचं वजन माझ्या काट्यावर व्हायचं, वहीत मी लिहायचो. पहिल्यांदा सव्वा किलो भरलं. दुसऱ्या रविवारी पन्नास ग्रॅम कमी. गफूरभाई दिवसभर विहिरीत राबून रोज गोगलगायी वेचायचे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी सव्वाच लिहिलं. तिसऱ्या रविवारी आणखी कमी. मी परत सव्वा!

मॅडमनी फोनवर वजन विचारलं. मी म्हटलं, "टिकून आहे." त्या म्हणाल्या, "मग हेच औषध चालू द्या."

गफूरभाईंनी कासवाच्या काखेतली सैल कातडी बोटानं चाचपली. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "शेठ, कासव खरं बोलतंय. वही न्हाय."

कानशिलं तापली हो! कबूल केलं. त्याच दुपारी माझ्या टेम्पोतून कासव बारामतीला नेलं. एक्स-रेमध्ये घशात गळाचा तुटका तुकडा दिसला. मॅडमनी तो काढला आणि मला एवढंच म्हणाल्या, "आणखी एक रविवार गेला असता, तर हे वाचलं नसतं."

गफूरभाईंनी ही गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हणून मीच सांगतोय.

*

महिन्याभरानं वजन सव्वाच्या वर गेलं. वनखात्याच्या साहेबांसमोर तळ्याच्या काठावर गफूरभाईंनी कासव खाली ठेवलं. त्यानं मान लांब केली, जरा थांबलं आणि पाण्यात शिरलं. झडप मिटावी तसं पाणी मिटलं.

मी वही उघडली. "गफूरभाई, शेवटच्या ओळीत काय लिहू?"

"दिसलं ते लिहा."

मी लिहिलं, 'चार बुडबुडे.'

त्यांनी वाकून वाचलं. "तीन व्हते, शेठ."

खोडलं. तीन लिहिलं.

तुमच्या दारी कधी असं कासव आलं, तर वनखात्याला कळवा आणि एक वही घाला. फक्त तिच्यातला हिशेब खरा ठेवा, एवढी विनंती.