अजून पंधरा मिनिटं

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. ती पावतास. नव्या बायकांना वाटायचं, ही रोज पाव तास उशिरा येत असेल म्हणून असं नाव पडलं. खरं तर पाळी सुरू होण्याआधीच ती एप्रन बांधून यंत्राशी उभी असायची. नाव पडलं तिच्या मुलीमुळे, आणि ठेवलं वकीलबाईनं.

वकीलबाई म्हणजे रोलरवरची तिची जोडीदारीण. कोर्टाची पायरी तिनं कधी चढली नव्हती, पण कुणी नुसतं ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी तिची उलटतपासणी सुरू व्हायची. रोलर म्हणजे चादरींना इस्त्री करणारं यंत्र, वाफेनं तापलेला, संथ फिरणारा पुरुषभर लांबीचा लोखंडी दांडा. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरायची, ताणायची आणि एकाच वेळी आत सोडायची. एकीचा हात किंचित ढिला पडला की चादरीला तिरकी चुणी पडते, आणि वाफेनं बसलेली चुणी पुन्हा धुतल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे दोघींचे डोळे एकमेकींच्या हातांवर असत. तोंडं मात्र मोकळी.

फोन लॉकरमध्ये ठेवायचा असा नियम होता. पावतासचा फोन एप्रनच्या आत, कमरेला बांधलेल्या कापडी पिशवीत असायचा. मुलीची शाळा सुटून घरी पोचायची वेळ उलटून गेली, की तो थरथरायचा. हातातली चादर आत सोडून ती सुपरवायझरच्या काचेच्या केबिनकडे पाठ करायची, अंगठ्यानं एक बटण दाबायची आणि लगेच पुढच्या चादरीचा कोपरा धरायची.

“किती दिलास?” वकीलबाई विचारायची.

“पाव तास.”

“अगं, एकदाच तासभर देऊन टाक की. पोरीला काय भीक घालतेस सारखी?”

“तासभर दिला तर परत कशाला मागेल?”



पावतासचा नवरा ट्रक चालवायचा. त्याच्या फेऱ्या लांबत लांबत गेल्या आणि एका फेरीच्या टोकाला त्याचं दुसरं घर झालं. त्याच्या थोरल्या बहिणीला भावाची इतकी लाज वाटली, की ती स्वतःहून आली आणि म्हणाली, “पोर माझ्याकडे राहू दे. तू कमव. एखाद्या वर्षात खोली झाली की घेऊन जा.” मुलगी तेव्हा दुसरीत होती. हॉटेलनं राहायला जी खोली दिली तिच्यात चार खाटा, चार लॉकर आणि एक खिडकी. पोरगी ठेवायची कुठे? एखादं वर्ष सरलं, मग दुसरं. मुलगी सातवीत गेली. आत्यानं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पावतास कुणाशी भांडणार? आत्या वाईट असती तर निदान मुलीला तिथून उचलून आणायला कारण तरी मिळालं असतं.

मुलीला आत्याकडे ठेवून निघताना तिनं तिच्यासाठी एक टॅब घेतला. दुकानदारानं तो तिच्या फोनशी जोडून दिला आणि समजावलं, “ताई, तुमचा फोन म्हणजे घरमालक आणि पोरीचा टॅब म्हणजे भाडेकरू. तुम्हाला विचारल्याशिवाय तिला भिंतीत खिळासुद्धा ठोकता येणार नाही.” रोजची मर्यादा एक तास. तास संपला की टॅबला कुलूप. मग पडद्यावर एकच बटण उरतं, ‘आणखी वेळ मागा’. ते दाबलं की आईच्या फोनवर विनंती येते. आईनं ठरवायचं, पंधरा मिनिटं, अर्धा तास, एक तास की नकार. शिवाय टॅब कुठे आहे त्याचा नकाशावर निळा ठिपका, आणि बॅटरी किती उरली तो आकडा.

सुरुवातीला ती रोज फोनही करायची. पण फोनवरचं बोलणं हळूहळू आटलं.

“जेवलीस?”

“हो.”

“अभ्यास?”

“झाला.”

“काय करतेस?”

“काही नाही. आत्याला देऊ?”

आत्याशी मात्र अर्धा अर्धा तास बोलणं व्हायचं, गुडघेदुखीपासून शेजारणीपर्यंत. मुलीचं काय चाललंय ते पावतासला कळायचं विनंत्यांमधूनच. मुलगी चित्रं काढते, एकामागून एक काढून ती हलती करते, हे तिला आधी कळलं ते टॅबनं पाठवलेल्या वापराच्या आठवडी हिशोबातून. आत्यानं सांगितलं नव्हतं, मुलीनंही नाही. फोन थरथरला, की मुलगी आत्ता जागेवर आहे, तिला काहीतरी हवंय आणि ते फक्त आपल्याकडे आहे, एवढं नक्की होतं. म्हणून ती पंधरा मिनिटं द्यायची. मग पुन्हा पंधरा. तिनं नकार कधीच दिला नाही. अर्धा तास मात्र कधी दिला नाही.

मग एका संध्याकाळी बड्या साहेबांची पाहणी ठरली. सुपरवायझर प्लास्टिकची टोपली घेऊन ओळीनं फिरला.

“फोन टाका. सगळ्यांनी. कमरेचे, पोटाचे, जिथे असतील तिथले.”

“साहेब, अंतर्वस्त्रांची यादी देऊ का?” वकीलबाई म्हणाली. बायका हसल्या. पावतासही हसली आणि तिनं फोन टोपलीत टाकला. एका संध्याकाळचा तर प्रश्न, असं तिला वाटलं.

पाहणी लांबली. टोपली परत आली तेव्हा तिच्या फोनवर विनंत्यांची उतरंड लागली होती, एकीखाली एक. सगळ्यांत शेवटी आत्याच्या फोनवरून मुलीचा मेसेज होता. दोनच शब्द. ‘राहू दे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याकडून कळलं ते असं. शाळेनं हलत्या चित्रांची स्पर्धा ठेवली होती, आणि चित्र पाठवायची ती शेवटची संध्याकाळ होती. मुलगी कित्येक आठवडे एका पाकोळीवर काम करत होती. पाकोळी खिडकीत अडकते आणि सुटते, एवढीच गोष्ट. शेवटची काही चित्रं उरलेली असताना टॅबला कुलूप लागलं.

“तुझी काही चूक नाही गं,” आत्या म्हणाली. “तू कामावर. पण तिचं मन फार मोडलं.”

मुलगी फोनवर आली.

“बाळा, माझा फोन काढून घेतला होता गं. माझ्या हातात असता तर लगेच दिला असता पाव तास.”

“तू नेहमी पाव तासच देतेस.” मुलीचा आवाज चिडका नव्हता. ती पुस्तकातलं वाचून दाखवावं तशी बोलत होती. “एकदाच जास्त दिला असतास, तर मला मागावंच लागलं नसतं.”

तिच्या सगळ्या वर्षांचा युक्तिवाद मुलीनं उलटा करून तिच्यापुढे ठेवला होता.

त्या दिवसापासून विनंत्या थांबल्या. टॅबवर बरोब्बर एक तास वापर दिसायचा आणि पुढे काही नाही. कमरेची पिशवी गप्प. पावतास मधूनच ती चाचपून बघायची.

“अभ्यासाला लागली असेल,” ती म्हणाली.

“आत्याचा फोन घेत असेल,” वकीलबाई म्हणाली. “पोरं म्हणजे पाणी. एक नळ बंद केला की दुसरीकडून गळतं.”

मग पावतासनं जे केलं त्यावरून वकीलबाई पुढे बरेच दिवस तिला बोलत राहिली. तिनं मर्यादा एका तासावरून अर्ध्या तासावर आणली.

“डोकं फिरलंय का तुझं?”

“अर्ध्या तासात तिचं भागणार नाही. मागेल.”

“मागेल, नाहीतर चिडेल.”

“चिडू दे. चिडायला तरी फोन करेल ना.”

मुलगी चिडली नाही. तिनं टॅब उघडणंच सोडलं. वापराच्या जागी शून्य यायला लागलं. निळा ठिपका आत्याच्या घरावर स्थिर. बॅटरीचा आकडा मात्र रोज थोडा थोडा उतरत होता. पावतास चहाच्या सुट्टीत तो आकडा बघायची. तो लाल झाला, मग एका दिवशी ठिपका करडा झाला आणि खाली ओळ आली, ‘उपकरण बंद आहे’. कपाटात, नाहीतर पलंगाखाली, कुठेतरी तो टॅब पडला असणार. चार्जरला लावावा असं त्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी चहाच्या सुट्टीतच फोन वाजला. नंबर आत्याचा, आवाज मुलीचा! पावतासनं कप तसाच बाकावर ठेवला आणि जिन्याखाली गेली, तिथे यंत्रांचा आवाज कमी यायचा.

“आई, एक विचारू?”

“विचार ना, दहा विचार.”

“ते पेरेंटल कंट्रोल काढशील?”

पावतासनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“शनिवारी मला तेरा पूर्ण होतात,” मुलगी म्हणाली.

“मला सांगतेस? मीच जन्म दिलाय.”

पलीकडे मुलगी हसली. जरासंच, पण हसली.

“तेरा झाले की माझं मलाच काढता येतं. तुला नुसता मेसेज येतो. सेटिंगमध्ये लिहिलंय.”

“मग मला कशाला विचारतेस?”

“आत्या म्हणाली, आईला विचारल्याशिवाय करायचं नाही.”

म्हणजे हा फोनही आत्यानं करायला लावला होता. पावतासनं जिन्याच्या कठड्याला हात टेकला. तिच्या मनगटावर रोलरच्या जुन्या चटक्यांचे डाग होते, ती त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिली.

“काढते,” ती म्हणाली. “पण मग रोज एक फोन करशील मला?”

पलीकडे आत्याच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली.

“दोन मिनिटं केलास तरी चालेल,” पावतास घाईनं म्हणाली.

“आई,” मुलगी हळूच म्हणाली, “हे पण लिमिटच झालं ना.”

“हो गं.” पावतासनं आवाज नेहमीसारखा ठेवला. “तसं नको. तुला वाटेल तेव्हा कर. शनिवारपर्यंत थांबू नकोस, मीच काढते.”

“थँक्यू आई! आत्याला देऊ?”

“नको. टॅब तेवढा चार्ज कर.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत करडा ठिपका पुन्हा निळा झालेला दिसला. ती बाकावर बसली. वकीलबाई शेजारी.

“आधी काय दाबायचं?” वकीलबाईनं विचारलं.

“थांब,” पावतास म्हणाली. तिनं मर्यादेचं पान उघडलं आणि बोटानं पट्टी सरकवत नेली. अर्धा तास, एक तास, चार, आठ, पट्टी टोकाला टेकेपर्यंत. पूर्ण दिवस.

“आता याचा काय उपयोग? तू तर सगळंच काढणार आहेस.”

“असू दे. दिला होता असं राहील.”

वकीलबाईनं आधी तिच्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे बघत चहा पीत राहिली.

‘देखरेख थांबवा’ असं बटण तळाशी होतं. फोननं विचारलं, खात्री आहे का. यापुढे या उपकरणाचं ठिकाण, वापर आणि विनंत्या तुम्हाला दिसणार नाहीत. तिनं हो म्हटलं. फोननं पासवर्ड मागितला. पासवर्ड म्हणजे मुलीचं पाळण्यातलं नाव होतं, ते तिनं एकेक अक्षर टाकलं. नकाशा गेला, ठिपका गेला, आणि मुलीच्या नावाच्या जागी ओळ आली, ‘कोणतंही उपकरण जोडलेलं नाही’.

थोड्या वेळानं मुलीचा मेसेज आला. नुसता वर केलेला अंगठा.

“बघ, आलं ना उत्तर,” वकीलबाई म्हणाली.

“आलं.”

शनिवारी पावतासनं फोन केला. मागे मुलामुलींचा कल्ला होता. “आई, मैत्रिणी आल्यात, नंतर करते हं,” असं म्हणून मुलीनं ठेवला. पावतासनं संध्याकाळभर फोन कमरेला ठेवला. रविवारीही ठेवला. मधे एकदा तो थरथरला तेव्हा तिनं चादर अर्धी आत असताना हात सोडला, आणि चादरीला ही मोठी तिरकी चुणी पडली. फोनवर कंपनीची जाहिरात होती. वकीलबाईनं ती चादर ओढून पुन्हा धुवायच्या ढिगात टाकली.

त्यानंतर आत्याचे फोन येत राहिले. मुलगी उंच झालीय, आता तिला चष्मा लागलाय, पाकोळीचं चित्र तिनं पूर्ण करून कुणाकुणाला दाखवलं, सगळ्यांना आवडलं. “तुला पाठवलं नाही का? विसरली असेल. सांगते हं तिला.” पावतास म्हणायची, “नको सांगू. तिचं तिला आठवू दे.” चार खाटांची खोली तशीच होती, खिडकीही तीच. आता मुलीला आणायचं म्हटलं असतं तरी विचारायचं कुणाला, आणि ती येणार कशाला?

मग एक दिवस पावतासनं कमरेची पिशवी सोडली, धुवून वाळत घातली आणि फोन लॉकरमध्ये ठेवला. योगायोगानं त्याच आठवड्यात सुपरवायझर टोपली घेऊन आला. बायकांच्या पदराआडून, मोज्यांतून एकेक करत फोन निघाले. पावतासनं दोन्ही रिकामे हात दाखवले.

“बघा,” तो सगळ्यांना म्हणाला, “इतकी वर्षं काम करतेय, पण शिस्त बघा. शिका जरा.”

त्या दिवशी रोलरवर एक नवी मुलगी घडी घालायला आली होती. तिनं वकीलबाईला हळूच विचारलं, “मावशी, यांना पावतास का म्हणतात?”

वकीलबाईनं पावतासकडे बघितलं. पावतास ओली चादर झटकत होती.

“उशिरा यायची पूर्वी,” वकीलबाई म्हणाली. “रोज पाव तास.”

“हो,” पावतास म्हणाली. “यायचे खरी.” आणि तिनं पुढच्या चादरीचा कोपरा धरला.