काय हाय, काय न्हाई, तुमाला काय

दैवशालाला सगळ्यात जास्त किळस कशाची येत असेल, तर सरकारी मराठीची. बसस्टँडमागची मोरी, कोर्टाच्या जिन्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या, हे सगळं ती नाकाला पदर लावून सहन करी. पण 'पोटकलम दोनच्या परंतुकास अधीन राहून' असलं वाक्य समोर आलं की कुणीतरी आपल्यापुढे उष्टं ताट सरकवलंय असं तिचं तोंड व्हायचं. "ज्यायच्यासाठी कायदा करायलेत त्यायलाच कळू नये म्हणून लिव्हतेत हे," असं ती जिंतूरच्या कोर्टात, आपल्या टेबलाशी, येईल त्याला ऐकवायची. ऐकणारे मान हलवून चहा मागवायचे.

तिचा बाप शेळ्यावाला. जमिनीच्या एका तुकड्यासाठी तो आयुष्यभर कचेऱ्यांत हेलपाटे घालत राहिला, आणि "साहेब, म्हंजी काय?" एवढं विचारल्याबद्दल प्रत्येक कचेरीत बोलणी खाऊन आला. लेक वकील झाली ती त्या 'म्हंजी काय'साठी. वकिली काही फार चालली नाही. कारण ती पक्षकाराला पहिल्याच भेटीत सगळं खरं सांगून टाकायची, आणि अर्धे पक्षकार तिथूनच घरी जायचे.

मग तिने दुसरंच एक काम अंगावर घेतलं. दिल्लीत गावाकडच्या माणसाच्या पोटाशी येणारं कुठलंही विधेयक निघालं की ती ते आधी इंग्रजीत वाचायची, मग सरकारी मराठीत वाचून डोकं धरायची, आणि मग आपल्या बोलीत मोबाइलवर बोलून गावोगावच्या ग्रुपांवर टाकायची. तिची एक रीत ठरलेली होती. आधी 'काय हाय', मग 'काय न्हाई', आणि शेवटी 'तुमाला काय'. हा क्रम ती कधी मोडत नसे. बोलणं लांबायचं, लोक तक्रार करायचे, पण तोडून सांगणं तिला जमत नसे.

यंदा जनावरांच्या नोंदीचं विधेयक आलं. अजून संसदेत मांडलेलंही नव्हतं. मसुदा काढून सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. दैवशालाने नेहमीसारखं बोलून टाकलं. काय हाय? तर शेळी, मेंढी, बोकड, सगळ्यांच्या कानात नंबराचा बिल्ला मारावा, आणि बिल्ला नसलेलं जनावर बाजारात दिसलं तर जप्त करता यावं, असं सरकारच्या मनात आहे. काय न्हाई? तर हा कायदा नाही. इथे तिने आवाज चढवला होता, "बायांनो, पावणे स्थळ बघून गेलेत, अजून सुपारी फुटलेली न्हाई! आन् तेच्यात लिव्हलंय, ज्या घरची कानाची खूण पिढीजात हाय, तेला सूट मिळंल." तुमाला काय? तर घाबरून एकही जनावर विकू नका, आणि हरकत पाठवायची असेल तर माझ्याकडे या, मी लिहून देते.

त्या भागात शेळ्यावाल्या घरांची कानाची खूण असते. कुणाची उजव्या कानाला एक चीर, कुणाची दोन, कुणाचं टोक उडवलेलं. हजार शेळ्यांच्या कळपात माणूस आपलं जनावर कानावरून ओढून काढतो. दैवशालाला पोरवयापासून सगळ्या गावचे कान पाठ होते.

त्यानंतर परभणीत एक केस लांबली आणि तिचं गावाकडे लक्ष राहिलं नाही. हरकत लिहून घ्यायला एकही माणूस आला नाही, याचं तिला नवल वाटलं. वाटलं, लोकांना काय, कुणी काही सांगा, म्हैस पाण्यात बसल्यासारखे बसतात. ती चिडली आणि गप्प बसली.

तेवढ्यात थोरल्या भावाकडून, महारुद्रकडून, कंदुरीचं बोलावणं आलं. पोराच्या, मल्हारच्या, नवसाचे बोकड कापायचे होते. महारुद्र शेळ्या-बोकडांचा व्यापार करायचा, चारठाण्यापासून जवळच घर. दैवशाला गेली. मंडपाच्या तोंडाशीच तालुक्याचे पुढारी आबासाहेब यांचा हात जोडलेला, दात दाखवणारा भला मोठा फोटो. खुद्द आबासाहेबही माईक धरून उभे होते. निवडणूक दूरदूरपर्यंत नव्हती, पण माईक दिसला की त्यांना राहवत नसे. "आमच्या वकीलताईंनी दिल्लीचा कायदा घरोघरी पोचवला!" ते ओरडले. टाळ्या पडल्या. कायदा हा शब्द ऐकून दैवशालाच्या कपाळावर आठी आली, पण आबासाहेबांना विधेयक आणि वरात यांतलाही फरक कळत नाही हे ती जाणून होती. ती बायांच्या पंगतीत जाऊन बसली.

शेजारी मनकर्णाबाई बसलेल्या. बापाच्या वेळेपासूनचं शेळ्यावालं घर. दैवशाला त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली. रस्सा वाढला गेला, दोघींनी भाकरी कुस्करली, आणि घास गिळता गिळता मनकर्णाबाई म्हणाल्या, "तुझ्यामुळं वाचले बाई मी. जप्तीच्या आधीच समदं इकून मोकळी झाले."

"काय इकून?"

"शेळ्या. बोकडं. तूच सांगितलंस ना. म्हारुद्र गाडी घिऊन दारात आला म्हणून बरं झालं, न्हाईतर सरकारनं फुकट नेलं असतं. नातवाच्या नवसाचाबी दिला. देवाला म्हणलं, माफ कर, पोलिसानं नेण्यापरीस बरं."

दैवशालाचा घास तोंडातच राहिला. "काकू, मी इका म्हणले?"

मनकर्णाबाईंनी कनवटीचा मोबाइल काढून सुनेकडे दिला, सुनेने लावला. आवाज दैवशालाचाच. "बिल्ला नसलेलं जनावर बाजारात दिसलं तर जप्त..." आणि खट्. संपलं. सुपारी नाही, कानाची खूण नाही, 'विकू नका' नाही. चार मिनिटांतला एक तुकडा ठेवून बाकी सगळं छाटलेलं. चारठाण्यापासून पूर्णेपर्यंत हाच फिरला होता म्हणे.

तिला आपल्याच आवाजाची शिसारी आली. हात धुवायचं निमित्त करून ती उठली आणि मंडपामागे गेली. तिथे पाण्याच्या टाकीजवळ बोकडांची मुंडकी भाजून साफ करायला मांडली होती. एक अजून भाजायचं राहिलं होतं. माशा घोंगावत होत्या. उजव्या कानाला दोन चिरा होत्या. मनकर्णाबाईंच्या घरची खूण. आणि डाव्या कानाला एक. ती चीर त्या घरात फक्त देवाला बोललेल्या बोकडाला देत.

दैवशालाने टाकीला धरून जेवढं खाल्लं होतं तेवढं ओकून टाकलं.

महारुद्र धावत आला. "काय झालं? तिखट झालं का?"

"दादा, माझं बोलणं तू कापलंस?"

तो हसला. "म्या खोटं काय घातलं त्यात? समदं तुझ्या तोंडचंच हाय. कमी केलं, वाढवलं न्हाई. तू लय लांब बोलतीस, दैवशाला. लोकायला थोडक्यात पायजे."

"आन् थोडक्यात सांगून तू गाडी घिऊन दारोदार गेलास."

"मंग काय सरकारची वाट बघू? मी न्हाई तर दुसरा कुणी गेला असता. अन् जनावरं हैदराबादला गेलीबी. आता वरडून काय उपेग? जेव गप."

जेव. तोंड पुसायला त्याने आपला रुमाल पुढे केला. तो रुमाल तिने हातात घेतला नाही. ज्या भावाच्या पाठीवर बसून ती शाळेत गेली, त्याच्या अंगाचा वास तिला सोसवेना. ती तशीच मंडपात शिरली आणि आबासाहेबांच्या हातातून माईक घेतला. ते 'अरे अरे' म्हणत राहिले.

"ऐका," ती म्हणाली. आवाज फाटत होता. "काय हाय? दिल्लीत नुसता मसुदा हाय. काय न्हाई? कायदा न्हाई. कुणाचंबी जनावर जप्त होणार नव्हतं. कानाची खूण असली तर सूट मिळंल असं लिव्हलेलं व्हतं, ते मी सांगितलंबी व्हतं. माझं बोलणं तोडून तुमच्या दारातून जनावरं ज्यानं उचलली, तो माझा सख्खा भाऊ महारुद्र हाय. आज तुमी जे खायलात ते तुमचंच हाय."

मंडपात गलका होईल असं तिला वाटलं होतं. क्षणभर हात थांबले खरे. दोन-चार माणसांनी महारुद्रकडे पाहिलं, महारुद्रने आबासाहेबांकडे पाहिलं, आबासाहेबांनी फोनकडे पाहिलं. मग पुरुषांच्या पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "रस्सा फिरवा रे इकडं!" आणि पळ्या वाजायला लागल्या. ओठांना तर्री लागलेली ती सगळी तोंडं परत चावायला लागली. दैवशालाला त्या सगळ्यांवर थुंकावंसं वाटलं.

एकट्या मनकर्णाबाई उठल्या. हात न धुताच त्या माईकपाशी आल्या. बोटांना रस्सा लागलेला होता, आणि तो कुठे पुसावा हे त्यांना कळत नव्हतं.

"म्हंजी सरकार येणारच नव्हतं?"

"न्हाई, काकू."

"आन् माझा देवाचा बोकड?"

दैवशालाने मंडपामागे बोट दाखवलं. मनकर्णाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

"मी खाल्ला की गं त्यो," त्या म्हणाल्या. "आता मला येवढं सांग. त्यो त्यांच्या मल्हारच्या नावानं कापला. मंग नवस कुणाचा फिटला? माझ्या नातवाचा का त्यांच्या पोराचा?"

दैवशालाने तोंड उघडलं. काय हाय, इथपासून सुरुवात करायची तिची रीत होती. माईक अजून चालूच होता आणि त्यातून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.