गळ्यावरची वेल

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मुलाचा पहिला स्वेटर आठवतो. मुलुंडची मेली थंडी ती जेमतेम आठवडाभराची, तरी सासूबाईंनी दुखऱ्या बोटांनी तो तीन महिने विणला होता. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याच्या गळ्यावर पुढच्या बाजूने वेल भरली, दमल्या हाताने दोरा घट्ट ओढत. घालायला गेले तर डोकंच आत जाईना. बाळ रडून लालबुंद. "वीण ताणली जाते गं, तुझा दोरा नाही," सासूबाई म्हणाल्या. मी वेल कापायला कात्री उचलली, तर त्यांनी ती काढून घेतली. "राहू दे. आधीच किती दमतेस!" आणि मागच्या बाजूने स्वतःचंच विणकाम उसवून त्यांनी तिथे दोन बटणं लावली. आता माझीही बोटं आखडतात, तेव्हा कळतं, त्यांनी काय उसवलं होतं.