एका लिटरचं जलपूजन

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मे महिना. जुना जालन्यातलं आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय, दुसरा मजला, वर पत्रा. पान तीन जवळजवळ तयार, आणि कॉम्प्युटर तापून बंद पडला.

अधिकृत नोंद एवढीच. पण अठ्ठावीस वर्षं बातमीदारी केल्यावर एक कळतं, बातमी कधी एकटी येत नाही. ती छापून जाते, तिच्या मागचे किस्से ड्रॉवरमध्ये साठतात. माझा ड्रॉवर आता बंद होईना, म्हणून लिहितो.

आमच्याकडे पानं लावते वैशाली. राहते कार्यालयामागच्या गल्लीतच. मुख्य कार्यालयानं बजावून ठेवलं होतं, तीनदा पानं उशिरा आली की जालन्याची पानं तिथंच लागतील. त्या दिवशी पहिला उशीर झाला.

"सर, पानं तिकडं गेली तर माझं काय? मला कोण तिकडं नेऊन राह्यलं?" वैशाली म्हणाली.

मी एसी मागितला. उत्तर आलं, "कर्मचाऱ्यांसाठी एसी मंजूर नाही." मी कळवलं, "कर्मचारी शिजले तरी चालतील, मशीनसाठी द्या." उत्तर आलं, "मशीनसाठी फक्त मशीनचे सुटे भाग मंजूर होतात."

म्हणून वॉटर कूलिंग! प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा ठोकळा, त्यातून पाणी फिरवायचं, तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये निववायचं, पुन्हा फिरवायचं. ज्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नाही, तिथं आम्ही कॉम्प्युटरला पाणी जोडायला निघालो!

*

पहिला प्रश्न पंपाचा. वैशालीनं व्हिडिओ बघून यादी केली होती. पण आमचे उपसंपादक अंकुशराव हसनाबादचे, घरची शेती. पंप म्हटल्यावर ते गप्प कसे बसतील?

"किती फुटावरून पाणी उचलायचं?"

"टेबलावरून टेबलावर."

"मंग तीन एचपी बास. पाच घेतली तर पुढं बोअरलाबी चालंल."

"अंकुशराव, कॉम्प्युटर आहे!"

"असू द्या ना! लाईट सिंगल फेज हाये का थ्री फेज, ते बघा आधी."

शेवटी वैशालीनं मागवलेला पंप आला. मुठीएवढा. अंकुशरावांनी तो तळहातावर ठेवला आणि मयताला बसावं तसे बसून राहिले. "अगं, यानं कोथिंबीरसुद्धा भिजायची न्हाई!"

पण चालू करायच्या आधी ओरडलेही तेच : "थांब! पहिलं पाणी भर. कोरडी मोटर जळती!" व्हिडिओत हे नव्हतं. पंप वाचला.

*

नळीसाठी ठिबकच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पावतीपुस्तक काढलं.

"पीक कोणतं?"

"पीक नाही. दोन मीटर नळी द्या."

"साहेब, रकाना हाये. मोकळा सोडता येत न्हाई."

माझं डोकं सटकलं. "लिहा, बातमी!"

त्यानं शांतपणे लिहिलं, पीक : बातमी. मग मान वर केली. "खरीप का रब्बी?"

"बारमाही!"

"मंग साहेब, उंदीर लागतात. जाड नळी घ्या."

*

रेडिएटर शहागडला. हायवेवर ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे आमचा फोटोग्राफर रफिक मला घेऊन गेला.

"गाडी कौनसी?" चाचांनी विचारलं.

"गाडी न्हाई चाचा, कॉम्प्युटर."

"डिझेल?"

रफिकनं सगळं समजावलं. चाचांनी बिडी विझवली. "इंजन कोई भी हो, गरम तो गरम." मग आत जाऊन त्यांनी वहीएवढा छोटा रेडिएटर आणला. चकाचक. एका जुन्या मोटारीतून काढलेला.

मी संशयानं विचारलं, "मोटार जुनी आणि हा नवा कसा?"

"साहब, ये हीटर का है. गाडी जालने में चली. हीटर किसने लगाया होगा?"

तो बसवला आणि कॉम्प्युटर भर दुपारी थंडगार! वैशालीनं त्याला हात लावून बघितला, मग स्वतःच्या कपाळाला. "सर, आता माझंच डोकं जास्त गरम हाये."

*

ही गोष्ट भाऊसाहेबांपर्यंत गेली. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. पाणी दिसलं की नारळ घेऊन निघतात. एकाच बंधाऱ्याचं त्यांनी तीनदा जलपूजन केलं, ते तिन्ही वेळा मीच छापलं, आणि तिन्ही वेळा पाणी कुठंय असंही मीच विचारलं.

भाऊसाहेब जिना चढून आले. मागे सात कार्यकर्ते, नारळ, हळदीकुंकू, खणाची ओटी.

"साठा कितीचा?"

"एक लिटर," वैशाली म्हणाली.

"भरलाय?"

"पूर्ण."

भाऊसाहेबांचे डोळे खरोखर भरून आले. "या उन्हाळ्यातला पहिला!"

आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यांनी टाकीचं झाकण काढून चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू आत सोडलं. ठोकळ्यातल्या चिरा केसाएवढ्या. अर्ध्या तासात कुंकू अडकलं, पाणी थांबलं, कॉम्प्युटर बंद! रफिकनं कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा उलट्या बाजूनं दाबदाबून कुंकू बाहेर काढलं.

पानं आठऐवजी नऊला गेली. दुसरा उशीर. पहिल्या पानावर भाऊसाहेबांचा फोटो होता, खाली ओळ : एक लिटर साठ्याचं जलपूजन.

*

सोमवारी एका सरकारी कार्यालयातून जिल्ह्याच्या पाणीसाठ्याचा तक्ता येतो. मी तो वर्षानुवर्षं न वाचता छापायला देतो. या वेळी वैशालीनं हाक मारली. "सर, नंबर चौदा बघा. हे आपणच हाओत!"

अनुक्रमांक तेरापर्यंतचे सगळे तलाव कोरडे. चौदा : दैनिक कार्यालय, जुना जालना. क्षमता एक लिटर. आजचा साठा शंभर टक्के.

खाली चौदा जणांची सरासरी. ती शून्याच्या वर सरकलेली. आणि बुधवारी गल्लीचा टँकर बंद! कारण लेखी दिलं होतं, परिसरात पुरेसा साठा उपलब्ध आहे.

मी टँकरच्या कार्यालयात जाऊन टेबलावर मूठ आपटली. साहेब थंड. "टाकी रिकामी केल्याचा पंचनामा द्या, नाव वगळतो."

"आज रात्री पानं गेली की करू."

"पंचनामा पाचच्या आत होतो."

*

साहेब चारला आले. पहिलं पान तेव्हा अर्धं. मागोमाग गल्लीतल्या बायका घागरी घेऊन जिन्यात. सगळ्यांत पुढे शेवंताबाई, वय सत्तरीपुढे, जीभ पंचविशीची.

"का वं पत्रकार, गल्ली तहानलेली अन् तुमचं खोकं पाणी पिऊन राह्यलं?"

मी वैशालीकडे बघितलं. टाकी रिकामी केली की कॉम्प्युटर बंद. पुन्हा भरून, हवा काढून चालू करेपर्यंत तिसरा उशीर होऊ शकत होता. मग जालन्याची पानं गेली, आणि वैशालीची खुर्चीही.

"तू सांगशील तसं," मी म्हटलं.

"सर, टँकर न्हाई तर माझ्या घरीबी पाणी न्हाई." तिनं अर्धं पान सेव्ह केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि नळी काढली.

एक लिटर पाणी शेवंताबाईंच्या घागरीत पडलं. किंचित गुलाबी. पाच सह्यांचा पंचनामा झाला. शेवंताबाईंनी घागरीत डोकावून विचारलं, "यातलं आंघोळीला किती अन् प्यायला किती?" साहेबांनी पंचनाम्याची घडी घातली.

ते गेले तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. बॅटरीच्या दुकानातून रफिकनं नवं डिस्टिल्ड पाणी आणलं, अंकुशराव मोटरपाशी पहाऱ्याला बसले, मी टॉर्च धरली. सहा वाजून वीस मिनिटांनी शेवटचा बुडबुडा निघाला. पानांची वेळ आठची. वैशालीनं सात छप्पन्नला पानं सोडली आणि खुर्चीवर मागे टेकली.

पुढच्या सोमवारी तक्ता आला. या वेळी मी तो छापण्याआधी वाचला.

अनुक्रमांक चौदा : दैनिक कार्यालय, जुना जालना. क्षमता एक लिटर. आजचा साठा शंभर टक्के. शेरा : डाव्या कालव्यातून विसर्ग सुरू.

डावा कालवा कुठे आहे, असं मी लेखी विचारलं आहे. पोच मिळाली. उत्तर आलेलं नाही. टँकरही नाही.