पाचूबंदरचा काळा गॉगल

ती घटना आठवली की आजही आधी हसूच येतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वसईत पोलीस निरीक्षक होतो. भर दुपारी पाचूबंदरची एक मासळी विकणारी बाई ठाणे अंमलदाराला न जुमानता थेट माझ्या टेबलाशी आली.

"सायब, माज्या पोराला आत टाका!"

मुलाला सोडवायला येणाऱ्या आया रोज बघायचो, ही उलटीच! तिचा तरणा मुलगा बोटीवर जायचा, लिलावात आईसाठी मालही घ्यायचा. तिथे बोली दिली की माल परत नाही, म्हणून जो तो आधी माशाचा कल्ला उचलून आतून लाल, म्हणजे ताजा, आहे का बघतो. यानं मात्र त्या सकाळी पांढरट कल्ल्यांचे शिळे पापलेट ताजे म्हणून उचलले. अख्खं बंदर हसलं.

"घरात बी काला गॉगल! झोपत नाय, जेवत नाय. कसली पावडर घेतो. उद्या दर्यात पडला तं?" म्हणता म्हणता बाई रडू लागली.

खबर घरचीच, म्हणजे पक्की. मुलाला चौकशीला आणलं.

"गॉगल काढ."

"डोले आलेत सायब."

काढायला लावला. डोळे आलेबिले काही नव्हते, पण भर उजेडात बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या. पावडरीचं नाव काढलं की पठ्ठ्या गॉगल परत मागायचा. हवालदाराने कोठडीची भीती घातली, तरी ढिम्म. मला ते पापलेट आठवले; याला नीट दिसतं तरी का? त्याचा डावा डोळा झाकून विचारलं, "बोटं किती?"

"आदी दाखवा तरी, सायब!"

हवालदार खो खो हसला आणि एकदम थांबला. माझी तीन बोटं पोराच्या नाकासमोरच होती.

मग मात्र पोरगा हादरला आणि घडाघडा बोलला. समुद्रावर रात्रभर जागायला पावडर, विकणारा जवळच्याच कळंबच्या किनाऱ्यावरच्या एका कॉटेजमध्ये. संध्याकाळीच पंचांसमोर छापा घातला, विकणारा मालासकट सापडला.

डॉक्टर म्हणाले, पावडरीने डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आवळल्या, आतल्या पडद्याला रक्त मिळालं नाही. उजवा डोळा गेला. पावडर सुटली तर डावा वाचेल. पोराने व्यसन सोडवण्याचे उपचार घेतले आणि तो डोळा खरंच वाचला. डॉक्टरांनी तसं सांगितलं त्या दिवशी बाईने ठाण्यात येऊन माझ्यासकट सगळ्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

कोठडीला लोक भितात, हा आम्हा पोलिसांचा गोड गैरसमज; तो पोरगा भ्याला ते डोळा गेल्याचं कळल्यावर. मुलाविरुद्ध तक्रार घेऊन आलेली आई मला सबंध नोकरीत ती एकच भेटली. अशा आणखी चार आल्या असत्या, तर किती पोरांचे दोन्ही डोळे शाबूत राहिले असते!